छोटी बॅटरी

बाबा, तुम्ही गेल्याला एकोणीस वर्षं झाली आणि मी आता विजेवर चालणारी गाडी चालवते. उंच आहे, जीपसारखी दिसते, पण आवाज आईच्या शिलाई मशीनपेक्षाही कमी. आई पहिल्यांदा बसली तेव्हा आम्ही धारच्या आमच्या गल्लीतून वळून मोठ्या रस्त्याला लागलो, तरी ती म्हणत होती, सुरू कर ना आता.

तुम्हाला ही गाडी आवडली नसती, कारण हिच्यात उघडण्यासारखं फारसं काही नाही. देवासच्या क्वार्टरमध्ये दर रविवारी तुमची स्कूटर अंगणात पोत्यावर सुटी होऊन पडलेली असायची. कारखान्यात सहा दिवस मशिनी दुरुस्त करून सातव्या दिवशी तुम्ही घरी तेच करायचात आणि त्याला विश्रांती म्हणायचात. दुकानदार म्हणाला म्हणून एकदा मी क्लचची नवी तार घेऊन आले. तुम्ही जुनी तार उन्हात धरून एकेक पदर मोजलात आणि म्हणालात, "अजून सात शाबूत आहेत. चालतंय त्याला हात लावायचा नाही." नवी तार मला परत करायला लावलीत. आठ दिवसांनी जुनी तुटली, तुम्ही टेकडीच्या पायथ्यापासून स्कूटर ढकलत घरी आलात आणि डॉक्टरांनी चालायला सांगितलंय असं आईला सांगितलंत. धाप इतकी लागली होती की ती खरंच घाबरली.

तर, गाडीची सर्व्हिसिंग. मी तुमची मुलगी म्हणून गेले, ताठ मानेनं. तिथल्या टेबलामागच्या माणसाला विचारलं, इंजिन ऑइल कधी बदलायचं? तो म्हणाला, मॅडम, इंजिनच नाहीये. मग प्लग? तेही नाहीत. मला उगाच कोणीतरी वारल्यासारखं वाटलं. मग त्यानं काय करायचं ते वाचून दाखवलं: टायरांची अदलाबदल, वायपरची रबरं, एसीचा फिल्टर, ब्रेक ऑइल आणि कुलंट बघणं. शेवटी म्हणाला, बारा व्होल्टची छोटी बॅटरी कमजोर दाखवतेय, बदलून घ्या. मी म्हटलं, गाडीखाली खाटेएवढी बॅटरी आहे, ही आणखी कसली? तो समजावत होता की कुलूप, दिवे, स्टिअरिंगशेजारचा पडदा सगळं त्या छोटीवर जागं होतं, ती झोपली की मोठी काही करू शकत नाही. पण मला त्याच्या जागी तो तारवाला दुकानदार दिसत होता. मी पापा म्हणतात असं सांगून तुमचं वाक्य त्याला हिंदीत ऐकवलं आणि निघून आले.

तीन आठवड्यांनी माझ्याबरोबर शिकवणाऱ्या बाईंच्या मुलीचं लग्न होतं, नालछ्याच्या पुढे एका बागेत. मंगलाष्टकं आई म्हणणार होती. इकडच्या नव्या मुलांना मराठी बोलता येतं, पण वाचताना ती प्रत्येक जोडाक्षराला थांबतात, म्हणून सगळी भिस्त आईवर. तिनं नवरीच्या नावाची दोन कडवी स्वतः रचून वहीत लिहिली होती. नालछ्यात वेणी घ्यायला आम्ही दोघी उतरलो, गाडीला कुलूप लावलं आणि परत येऊन पाहतो तर गाडी दगड. बटण दाबलं तरी दार उघडेना. वही आत, आई पैठणीत बाहेर, मुहूर्ताला चाळीस मिनिटं.

मी हेल्पलाइनला फोन लावते आहे, आई काचेला नाक लावून वही वाचायचा प्रयत्न करते आहे. तेवढ्यात एक जीपवाला थांबतो. रिमोट माझ्या हातातून घेतो, नखानं त्याच्या पोटातून एक लहानशी किल्ली बाहेर काढतो आणि दार उघडतो. दोन वर्षं ती किल्ली माझ्या पर्समध्ये फिरत होती, मला माहीत नव्हतं. बॉनेट उघडून तो म्हणतो, "इत्ती बड़ी गाड़ी, दीदी, और जान इत्ती-सी डिब्बी में." त्यानं जीपच्या बॅटरीपासून तारा जोडल्या, पडदा उजळला आणि मोठी बॅटरी त्र्याऐंशी टक्के असल्याचं निर्विकारपणे दाखवू लागला.

आई गाडीत बसून म्हणाली, "तुझे बाबा असते तर एव्हाना अख्खी गाडी सुटी करून ठेवली असती. लग्न बुडालं असतं." मग वही उघडून कडवी पुटपुटू लागली. अंतरपाट धरला जात असतानाच आम्ही पोचलो. तिचा आवाज पहिल्या कडव्याला कापला, दुसऱ्याला लागला, आणि तिच्या स्वतःच्या कडव्यांना नवरी रडली.

दुसऱ्या दिवशी मी मुकाट्यानं जाऊन बॅटरी बदलून घेतली. जुनी हातात घेऊन पाहिली, बाहेरून अगदी ठणठणीत होती. तुम्हीही फसला असता.

हे पत्र कुठे टाकायचं हा प्रश्नच आहे, तेव्हा ते माझ्याजवळच राहील. एक सांगायचं राहिलं. बॅटरी बदलून होताना त्या टेबलामागच्या माणसानं विचारलं, आपके पापाजी किस लाइन में हैं? मी म्हटलं, देवासला, मेंटेनन्समध्ये. तो म्हणाला, पुढच्या वेळी त्यांनाही घेऊन या, गाडी उचलून खालून दाखवतो. मी हो म्हणाले.