आजीचा गिअर

ग्रँड आयलंड
३० ऑगस्ट १९९३

ती. डेल्मरदादास,
ट्वायलाचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र परवा पोचलं. दोन पानं गवताची कापणी, एक पान पाऊस, आणि मग सहीच्या वर, मुंगीएवढ्या अक्षरात, की पिकअपचं इंजिन काढून दुसरं घालतोय, आणि त्याबरोबर गिअरबॉक्सही. एवढं बारीक अक्षर तू काही दडवायचं असलं तरच काढतोस.

वडिलांनी ती गाडी पन्नास साली कोरी आणली, तेव्हापासून तिच्या पोटात तेच इंजिन आहे. तू तर त्याला दुसऱ्या कुणाला तेलसुद्धा घालू देत नव्हतास. सत्तरी ओलांडलेला माणूस अचानक जुन्या गाडीत आठ सिलिंडरचं इंजिन बसवायला निघाला, की त्यामागे तीनच गोष्टी असू शकतात: बाई, विक्री किंवा वेड. यातलं तुझं कुठलं ते सांग. ओमाहाचे हौशी लोक जुन्या पिकअप हुडकत वाळूच्या टेकड्यांतून फिरतात असं ऐकते. त्यांच्यापैकी कुणाला विकायला ती नटवतोयस का?

मला गाडीचं एवढं नाही रे. पण आज गाडी, उद्या गाई, परवा जमीन. इनेझवहिनी गेल्यापासून हीच धास्ती घेऊन मी झोपते. ती जागा गेली तर जूनमध्ये वासरांच्या डागणीला मी यायचं कुठे? या शहरात उभा जन्म गेला, पण ‘घरी जाते’ असं म्हणते ती तिकडे निघालं की.

सांध्यांना तेल चोळतोस ना? जूनमध्ये चेहरा उतरलेला दिसला. लोभ आहेच, खरं काय ते लिहिलंस तर वाढवीन म्हणते.

तुझी,
ट्वायला


डिस्मल नदीकाठ
९ सप्टेंबर १९९३

चि. ट्वायलास,
अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. बाई नाही, विक्री नाही. वेडाबद्दल माझ्याच तोंडाने काय सांगू?

गॅरेजवाल्या गेलन कुद्रनाला गारांनी चेचलेली एक मोटार भंगारात मिळाली. वरून ती पत्र्याच्या डब्यासारखी चेपलेली आहे, पण इंजिन ठणठणीत, आणि गिअरबॉक्स ऑटोमॅटिक. ते दोन्ही आपल्या गाडीत बसवायचं असं ठरलं. वाटलं होतं आठवड्याचं काम. पण आपल्या गाडीचा फिरता दांडा बंद नळीत आहे, नळीचं एक टोक गिअरबॉक्सला आणि दुसरं मागच्या चाकांच्या आसाला. गिअरबॉक्स बदलला की नळी जाते, नळी गेली की आस जातो, आस गेला की ब्रेक. नव्या इंजिनाला जुना रेडिएटर पुरत नाही, जुनी बॅटरी तर त्याला जागंही करणार नाही. लग्नात एका चुलत्याला बोलावलं की सगळी भावकी बोलवावी लागते, तशातली गत. गेलन खडूने जमिनीवर चित्रं काढतो, मी उलट्या बादलीवर बसून मान डोलावतो, आणि दोघांपैकी कुणालाच शेवट दिसत नाही.

कारण विचारलंस. महामार्गावर ती पन्नासाच्या पुढे गेली की किंचाळते, आणि मागचे ट्रकवाले भोंगे मारतात. म्हणून.

चोकचेरीच्या रानफळांची जेली दोन बरण्या ठेवली आहे. शेजारच्या आर्डिथने केली, मी फक्त साखर आणून दिली. प्रकृतीस जपावे, आणि शंकेखोर डोक्याला थोडी विश्रांती द्यावी.

तुझा दादा,
डेल्मर


ग्रँड आयलंड
१७ सप्टेंबर १९९३

ती. दादास,
सा. न. वि. वि.

महामार्ग! वर्षातून दोनदा तू तिकडे फिरकतोस, एकदा दातांसाठी आणि एकदा माझ्या आग्रहाखातर. ही थाप तू पाद्रीबाबांना मार, मला नको. मी त्याच गाडीच्या मागच्या फळीवर लहानाची मोठी झाले नसले तरी तिथे माझे दोन कोट फाटले आहेत.

मी रात्रभर विचार केला. हिवाळ्यात तू गाईंना चारतोस कसा? आजीचा गिअर टाकतोस, तो सगळ्यात खालचा. स्टीअरिंगचं चाक दोरीने बांधतोस, उतरतोस, मागे चढतोस. गाडी आत कुणी नसताना म्हाताऱ्या गाईच्या चालीने कुरणातून चालत राहते, आणि तू मागून गवत फेकतोस. वडील तसंच करायचे, आपल्याकडचे सगळेच तसं करतात. ऑटोमॅटिक गाडीला हे जमत नाही, दादा. ती चढावर रुसून बसते आणि उतारावर पळ काढते. आत माणूस लागतोच. म्हणजे एकट्याचं काम आता दोघांचं झालं. दुसरं माणूस कोण?

सांगू? आर्डिथ पेल्स्टर. जूनमध्ये आपण पत्ते खेळत होतो तेव्हा तुझा कॉफीचा कप तीच भरत होती. मी निघाले तेव्हा सख्खा भाऊ खुर्चीतून उठला नाही, आणि मला गाडीपर्यंत पोचवायला आली ती, जशी काही घरची यजमानीण. तिला क्लचची गाडी चालवता येत नाही हे साऱ्या पंचक्रोशीला ठाऊक आहे. तेव्हा बाईसाहेबांना सोपं जावं म्हणून वडिलांच्या गाडीचं पोट फाडताय तर! तिचे मुलगे ओमाहात जमिनींचे सौदे करतात असंही कानावर आहे. जेली गोड असते, दादा. माशा तिलाच चिकटतात.

तू पुन्हा लग्न केलंस तर मी केक करून आणीन. पण जागा दुसऱ्याच्या घशात गेली तर तोंड बघणार नाही. रागावू नकोस, लोभ आहे म्हणूनच एवढं लिहिते.

ट्वायला


डिस्मल नदीकाठ
२५ सप्टेंबर १९९३

चि. ट्वायलास,
आशीर्वाद.

आर्डिथला यात ओढू नकोस. दुसरं माणूस लागणार, हे तुझं बरोबर. कोण ते बर्फ पडलं की कळेल.

जुनं इंजिन विकलेलं नाही. गोठ्यात ताडपत्रीखाली आहे, आजीच्या गिअरसकट. त्याच्यावर मांजर व्याली आहे.

जागा जाणार नाही. इनेझला पुरलं त्या दिवशी तुला सांगितलं होतं, तेच आज सांगतो. याउपर विचारू नकोस. मायेत काही कमी नाही, वेळ मात्र कमी आहे.

डेल्मर


डिस्मल नदीकाठ
११ ऑक्टोबर १९९३

श्रीमती ट्वायला यांस,
आर्डिथ पेल्स्टर हिचा स. न. वि. वि.

तुमचं पत्र मिळालं. ते दोनदा वाचावं लागलं, कारण पहिल्या वेळी रागाने अक्षरंच दिसेनात. ‘भावाच्या एकटेपणावर डोळा ठेवणारी’ हे शब्द तुम्ही चांगल्या शाईने लिहिलेत. आता माझं ऐका.

माझा थोरला शाळेत भूगोल शिकवतो, धाकटा चष्मे विकतो. जमिनीतलं दोघांना एवढंच कळतं की ती खाली असते. क्लचची गाडी मला लग्नाआधीपासून येते. येत नाही असं मीच पसरवलं, कारण येते म्हटलं की गवताच्या दिवसांत प्रत्येक जण ट्रकवर बसवायला बोलावतो. हे तुमच्यापाशीच ठेवा.

दुसरं माणूस मी, हे तुम्ही बरोबर ओळखलंत. पण मला बसवलंत चुकीच्या जागी. आत डेल्मर बसणार आहे. मागे उभं राहून गवत टाकणार मी.

फेब्रुवारीत मी भांडी घासत होते, तर तुमची पिकअप टेकडीवरून आमच्या कुरणात उतरताना दिसली. कुंपणाची तार तिच्या नाकाला अडकलेली. आत कुणी नाही, मागे कुणी नाही, आणि तिच्या पाठोपाठ तुमच्या सगळ्या गाई, उरलेलं गवत कधी पडतंय याची वाट बघत. अशी सावकाश चाललेली रिकामी गाडी पुन्हा बघायची माझी इच्छा नाही. मी तिच्या चाकांच्या खुणांवरून उलट पावली चालत गेले. तो बर्फात पडला होता. मागच्या फळीवर बर्फ गोठलं होतं, पाय घसरून तो बाजूला चाकापुढे पडला, आणि मागचं चाक डाव्या गुडघ्यावरून गेलं. मला बघून पहिलं काय म्हणाला, तर गाडी कुठे अडली का. तुम्हाला मात्र त्याने फ्लू झाला असं कळवलं.

जूनमध्ये तो उठला नाही, कारण मांडीवरच्या घोंगडीखाली पाय लोखंडी पट्ट्यांत बांधलेला होता. क्लच दाबायला तो पाय आता उपयोगाचा नाही, आणि फळीवर उभं राहायलाही नाही. डॉक्टर म्हणाले गाई विका. मीही म्हणाले. तो ऐकेना. एकदा मी चिडून कारण विचारलं, तेव्हा म्हणाला की ट्वायला दर पत्रात विचारते, जागा गेली तर मी यायचं कुठे; याला त्याच्यापाशी दुसरं उत्तर नाही.

हे तुम्हाला सांगणार नाही असं मी त्याला वचन दिलं होतं. ते मोडायला तुमच्या पत्राने मदत केली. लोभ मागावा एवढी आपली ओळख नाही, पण गैरसमज तरी नसावा.

आ. पेल्स्टर


ग्रँड आयलंड
१६ ऑक्टोबर १९९३

ती. दादास,
सा. न. वि. वि.

आर्डिथवर चिडू नकोस. मी तिला काय लिहिलं होतं ते कळलं तर माझ्यावर चिडशील. तिला वेगळं पत्र टाकलं आहे. त्यात माफी मागितली आहे.

तू बर्फात पडलास, वरून गाडी गेली, आणि मला फ्लू म्हणून कळवलंस! आणि मी शहाणी तुला मध-लिंबू घे म्हणून सल्ला देत बसले. सगळीकडे वास घेत फिरणारी मी, आणि जूनमध्ये समोर बसलेल्या भावाची घोंगडी उचलून बघायची मला बुद्धी झाली नाही.

आता नीट वाच, हे मोठ्या अक्षरात लिहिते. गाई विक. सगळ्या विक. जमीनही विक, हवी तर. मी जागा जागा करत राहिले, कारण तू तिथे आहेस. तू ग्रँड आयलंडला भाड्याच्या दोन खोल्यांत राहायला आलास तर मी जूनमध्ये तिथे येईन, आणि तेही घरी जाणंच असेल. हे मी आधी लिहायला हवं होतं. सुचलं नाही, कारण तू कुठे जाशील असं मनातच आलं नव्हतं. आता रोज रात्री ती रिकामी गाडी चालताना दिसते.

एक संशय अजून आहेच. पाय म्हणतोस तेवढाच दुखतो, की जास्त? डॉक्टरांचं नाव कळव, मी स्वतः विचारीन. तुझ्यावर माझा जीव आहे. विश्वास नाही.

तुझी,
ट्वायला


डिस्मल नदीकाठ
१४ नोव्हेंबर १९९३

चि. ट्वायलास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

उशीर झाला, कारण तू विकायला सांगितलंस आणि मी विकून बसलो होतो. अर्ध्या गाई तुझं पत्र यायच्या आधीच बाजारात गेल्या. तेव्हा तुझा संशय अगदीच वाया गेला नाही. राहिलेल्या अर्ध्या ठेवतोय, आणि त्या तुझ्यासाठी नाहीत. सकाळी उठून कुणाला तरी चारायचं असलं की मी उठतो. नाही तर इनेझच्या खुर्चीकडे बघत पडून राहतो. हे आर्डिथला माहीत नाही. तिच्याशी तुझा पत्रव्यवहार चालू झालाय असं कळलं, तेव्हा आता होईल.

पाय जास्त दुखतो. डॉक्टरांचं नाव पानाच्या मागे लिहिलं आहे.

गाडी मंगळवारी आली. गेलनने शेवटी आसही बसवला, पण भोंगा जोडायचा राहिला. बुधवारी बर्फ पडलं. मी आत, आर्डिथ मागे. तू म्हणालीस तसंच झालं: चढावर रुसली, उतारावर पळाली. पहिल्या झटक्याला आर्डिथ गवतावर बसली, आणि जे बोलली ते रविवारी प्रार्थनेला जाणाऱ्या बाईने बोलू नये. मग मला ब्रेकवर पाय ठेवून चालवायची युक्ती सापडली. पण गाई येईनात. आजवर जुन्या इंजिनाचा आवाज आला की त्या धावत यायच्या. हा आवाज त्यांच्या ओळखीचा नाही. सगळ्या टेकडीवर उभ्या, माना वर, एकटक बघतायत, अगदी तुझ्यासारख्या. शेवटी मी खिडकी उघडून, वडील मारायचे तशी हाक मारली. माझा आवाज ओळखून एक पुढे आली, मग बाकीच्या.

थँक्सगिव्हिंगला ये. टर्की आर्डिथ करणार आहे, तू फक्त तिच्याशी भांडायला ये. सकाळी तिघं मिळून चारायला जाऊ. नियम तुला ठाऊक आहेच: दाराशी बसेल त्याने उतरून फाटकं उघडायची, आणि मधे बसणाऱ्याला ना गाडी चालवायची ना फाटक उघडायचं. त्या जागेसाठी तू मला लहानपणी, वडिलांच्या आधीच्या गाडीत, एकदा चावली होतीस. तेव्हा गिअरचा दांडा गुडघ्यांत घेऊन बसावं लागायचं. आता तो दांडाच नाही. आर्डिथ म्हणते ती दाराशी बसेल.

यायचं कुठे, असं विचारत होतीस. मधे बस. लोभ आहे तिथेच आहे.

तुझा दादा,
डेल्मर