आमच्या मोटारसायकलीतला तुमचा घोडा

प्रिय व्हिगो यांस,
आस्गेरचा सप्रेम नमस्कार.

ताजी बातमी आधी देतो, तब्येतीचं मागून विचारतो. तुमच्या व्यायाम मंडळाचा उडी मारायचा जुना, चामड्याने मढवलेला लाकडी घोडा, ज्याच्यासाठी तुम्ही अध्यक्ष या नात्याने चर्चच्या पत्रिकेत ‘चोराने शरम बाळगावी’ असं ठळक अक्षरांत छापलंत, तो सापडला आहे. निदान त्याचं चामडं तरी. आज सकाळी सव्वादहाला ते तुमच्या धाकट्या बहिणीच्या (म्हणजे माझ्या बायकोच्या) क्रीम रंगाच्या पॅंटवर, मागच्या अंगाला, उमटलेलं आढळलं. बातमीला केस कापणाऱ्या बोडिलने दुजोरा दिला आहे. त्या वेळी दुकानात आणखी तिघीजणी डोक्याला रोलर लावून बसल्या होत्या, म्हणजे एव्हाना सगळ्या फ्यून बेटाने दुजोरा दिला असणार. मी अजून हादरलेलाच आहे. अक्षर वाकडं आलं तर समजून घ्यावं.

तुमचं कंबरेचं दुखणं कसं आहे? हे पत्र शक्यतो बसूनच वाचा.

झालं असं. येत्या शनिवारी आमच्या लग्नाला पन्नास वर्षं होतात. पन्नास वर्षांपूर्वी चर्चमधून आम्ही निघालो ते माझ्या वडिलांच्या अडतीस सालच्या निम्बस मोटारसायकलवरून, रिग्मोर मागे आणि तिचा पदर (पदर कसला, ती पांढरी जाळी) चाकात. शनिवारी पुन्हा तसंच निघायचं, असं मी तिला कबूल करून बसलो. इंजिन सुरू झालं, दिवा लागला, पण मागच्या सीटचं चामडं उंदरांनी खाल्लेलं. गावात सीट शिवणारा शेवटचा माणूस वारला, त्याच्या दुकानात आता योगाचे वर्ग भरतात. म्हटलं, आपणच शिवू. एका दोऱ्याला दोन टोकांना दोन सुया, आरीने भोक पाडायचं, दोन्ही सुया एकाच भोकातून समोरासमोर घालायच्या आणि खेचायचं. एवढंच. लेकराला जमेल.

लेकराला जमेलही. मला अकरा दिवस लागले. चामडं भिजवायला मी न्हाणीघरातला टब धरून ठेवला, त्यामुळे रिग्मोर तीन दिवस शेजारच्या किर्स्टनकडे आंघोळीला जात होती, आणि किर्स्टन येता-जाता मला विचारायची, “काय आस्गेर, आतमध्ये कुणाला भिजत घातलंयस?” पाचव्या दिवशी मी इतका रंगलो, की सीटबरोबर स्वतःचा स्वेटरही सव्वीस टाके शिवून घेतला. नेमके त्याच वेळी पाद्रीबुवा शनिवारचं ठरवायला आले. मांडीवर सीट घेऊन उठता येईना, म्हणून बसूनच हात पुढे केला. ते म्हणाले, “उठू नका, उठू नका, वय झालं की असं होतं.” स्वेटर कापावा लागला. तो तुम्हीच दिलेला होता, त्याबद्दलही क्षमा असावी.

पण सीट झाली हो! टाके एका रेषेत. (डाव्या कोपऱ्यात सोडून. तिथे माझी दुपारची वामकुक्षी शिवली गेली आहे.) वरून दोन हात काळा रंग दिला. आज सकाळी रिग्मोर म्हणाली, “शनिवारी पडण्यापेक्षा आज पडून पाहू,” आणि आम्ही बोडिलच्या दुकानापर्यंत गेलो. वाटेत तुरळक पाऊस. रंग ओला झाला आणि पॅंटवर उतरला. पण चामड्यावर जुन्या तैलरंगाची अक्षरं होती, मळाखाली झाकलेली. त्यांच्यावर रंग चढलाच नव्हता, म्हणून तिथून उतरलाही नाही, पॅंटवर तेवढी अक्षरं कोरी राहिली. रिग्मोर कोट टांगायला आरशाकडे पाठ करून उभी राहिली. उलटी उमटलेली अक्षरं आरशात सुलटी झाली, आणि बोडिलने सगळ्या दुकानाला ऐकू जाईल असं वाचलं: “व्यायाम मंडळाची मालमत्ता, १९२४.” मग म्हणाली, “अगं रिग्मोर, तुझ्या भावाने तुझीसुद्धा नोंद करून ठेवलीय की काय?”

तेव्हापासून रिग्मोर माझ्याशी एवढंच बोलली आहे. “आधी व्हिगोला लिही. त्याची परवानगी आल्याशिवाय मी त्या सीटवर बसणार नाही.” पन्नास वर्षांत ती माझ्या मागे बसायला नाही म्हणालेली नव्हती. म्हणून हात जोडून विनंती, की परवानगी द्यावी. मी चामडं चोरलेलं नाही.

आपला,
आस्गेर

ता. क. कुठून आणलं ते सांगायचं राहिलं. जूनमध्ये संत हान्सच्या संध्याकाळसाठी आपण माळरानावर होळी रचली होती. तिच्यात, दरवर्षी वर बसवून जाळतो त्या गवताच्या चेटकिणीखाली तो घोडा आडवा पडला होता. मंडळाच्या माळ्यावरची अडगळ जाळायला काढा, अशी चिठ्ठी तिथे खोचलेली होती. खाली सही तुमची. म्हणून पेटवायच्या आधी मी तो घरी आणला. चिठ्ठी माझ्यापाशी जपून आहे. ती चर्चच्या पत्रिकेला द्यावी असं माझ्या मनातसुद्धा आलेलं नाही. घोड्याचा लाकडी सांगाडा माझ्या सरपणाच्या खोलीत उघडाबोडका उभा आहे. मंडळाच्या शताब्दीसाठी हवा असल्यास घेऊन जावा.

दुसरा ता. क., रिग्मोरच्या हातचा. व्हिगोदादा, पाकीट चिकटवायच्या आधी हे सगळं वाचलं. बिचारा तुला धाक घालतोय. तुझी चिठ्ठी नेहमीच्या अडगळीसाठी होती, तू घोडा पाहिलाही नसशील. माळ्यावरून तो मी उतरवला आणि मीच होळीवर नेऊन टाकला. चौदाव्या वर्षी त्याने मला फेकलं आणि पुढचा दात घेतला, ते तू विसरलास, मी नाही. अठ्ठावन्न वर्षं वाट पाहिली, आणि ज्याच्याशी संसार केला त्या येड्याने तो परत घरी आणून, रंगवून, त्याच्यावर मलाच बसवलं! बोडिलने वाचलं तेव्हा माझा हात आपोआप दाताकडे गेला. तुम्हां दोघांना किती ठाऊक आहे ते कळावं म्हणून याला लिहायला बसवलं. काहीच ठाऊक नाही, बरं झालं. आता त्याला हे सांगायचं नाही. अकरा दिवस त्याची बोटं रक्ताळलेली होती.

शनिवारी सकाळी साडेसहाला, लग्नाच्या पन्नाशीच्या रिवाजाप्रमाणे, सगळं गाव दारात बांधलेल्या पानाफुलांच्या कमानीखाली गाऊन आम्हाला उठवायला येईल. तूही ये. मी दार उघडून आधी तुझ्याकडे बघेन. तू अध्यक्षासारखी गंभीर मान हलव, म्हणजे मी बसेन. काळी पॅंट घेतली आहे.