पिवळे आभाळ

घाटंजी,
गुरुवार

प्रिय अनिमेष,

रविवारी तू दुसरा पडदा न्यायला गाडी घेऊन येणार, हा तुझा निरोप बाबांनी मला वाचून दाखवला. पडदा मिळणार नाही. तो गुंडाळून मी माझ्या खोलीत ठेवला आहे, आणि पहिल्या पडद्याचे जे झाले ते याचे मी होऊ देणार नाही. हे तुझ्या तोंडावर सांगता आले असते तर पत्र लिहिले नसते. पण माझे तोंड सहसा उघडत नाही, हे तुला चांगले ठाऊक आहे. त्याचाच तर तुला इतके दिवस आधार होता.

मूकपटांच्या काळात माझे पणजोबा नरहर कोल्हापुरातल्या एका कंपनीत पडदे रंगवीत. महाल, किल्ले, देवळांचे गाभारे कापडावर उभे करायचे आणि ते दगडाचेच आहेत असे कॅमेऱ्याला पटवायचे, हे त्यांचे काम. पुढे बोलपट आले, फिल्म बदलली, आणि ते घाटंजीला परतून शाळेत चित्रकला शिकवू लागले. सोबत आणले दोन पडदे, रंगकामाच्या नोंदींची मोडी लिपीतली एक वही आणि तळहाताएवढी निळी काच. त्या वेळची फिल्म आपल्या डोळ्यांसारखी पाहत नसे. तिला निळा रंग पांढरा दिसे आणि तांबडा काळा. निळ्या आभाळावर पांढरे ढग काढले, तर सिनेमात दोन्ही एकच, कोऱ्या कागदासारखे. म्हणून पणजोबा आभाळाला पिवडीचा पिवळा आणि किंचित गेरू देत, ढगांना फिकी नीळ. मग काच डोळ्याला लावून दहा पावले मागे जात. काचेतून आभाळ राखाडी होई, ढग उजळत, आणि काम जमले की नाही ते कळे. लहानपणी त्यांतला महालाचा पडदा उन्हात पसरला की मी ती काच घेऊन अंगणात बसे. जेवायला हाका मारल्या तरी उठत नसे.

तो पहिला पडदा तुझ्या हाती मीच दिला. कापड विरले होते, कडा उंदरांनी कुरतडल्या होत्या. तू कलाशाळेत शिकलेला, तुला डागडुजी येते, असे मीच बाबांना पटवले. प्रदर्शनात तू दोरी ओढलीस आणि माझ्यापुढे निळेभोर आभाळ उलगडले, त्यावर कापसासारखे पांढरे ढग. टाळ्या वाजल्या. तू माइकवर म्हणालास, की मास्तरांना उतारवयात रंग नीट दिसत नसावेत, म्हणून त्यांची एवढी एक चूक मी दुरुस्त केली. उतारवय! तो पडदा रंगवताना ते चोवीस वर्षांचे होते. मागच्या रांगेतून कुणीतरी ओरडले, ‘घाटंजीचं ऊन चढलं असन मास्तरच्या डोक्यात!’ सारे हसले. तूही हसलास. मी हातात शाल-श्रीफळ घेऊन तुझ्या शेजारी उभी होते. बारावीला जिल्ह्यात मराठीत पहिली आलेली मुलगी, आणि मला एक वाक्य सुचले नाही. नाही, सुचले होते, म्हटले नाही. त्याचा राग तुझ्यावर काढत नाही. तो माझा मला पुरेल.

पडदा परत आणला पूनमसिंगकाकांनी. त्यांच्या आजोबांनी तो यवतमाळच्या स्टेशनवरून बैलगाडीने आमच्या घरी पोहोचवला होता, म्हणून आजही तो हलवायचा असला की तांड्यावरून त्यांनाच बोलावतात. ओसरीत उलगडल्यावर त्यांनी विचारले, ‘काहून वं बाई, याचं आभाळ कोनं बदललं?’ मी म्हटले, दुरुस्त केले. ‘बिघडलं काय होतं त्याले? चैतात वावटळ उठली का आपल्याकडचं आभाळ तसंच तं दिसते. मले तं वाटे, मास्तरनं घाटंजीच काढली.’ ते गेल्यावर मी काच लावली. ढग नाहीत, आभाळ नाही. नुसता पांढरा चौकोन, आणि खाली महालाचे कळस अधांतरी. सरसात कालवलेला जुना रंग ओल्या फडक्यानेही सुटतो. तुझ्या रंगाखालून तो आता कुणालाच परत काढता येणार नाही. मी विचारून घेतले आहे.

तुला हे ठाऊक नव्हते, असे मी चार दिवस स्वतःला समजावत होते. वही मोडीत, आणि तुला मोडी येत नाही. म्हणूनच तर दिवाळीच्या सुटीत ती सबंध वही मी तुझ्यासाठी बाळबोधीत उतरवून काढली होती, बेचाळीस पाने, आणि लिफाफ्यात घालून घरच्या खळीने चिकटवून तुला दिली होती. आठवड्याने तू म्हणालास, वाचली, अक्षर काय सुंदर आहे गं तुझे. काल, पडदा ज्या गोणपाटात गुंडाळून आला त्याच्या घडीतून तो लिफाफा निघाला. खळ जशीच्या तशी. आभाळाचा रंग नवव्या पानावर आहे, अनिमेष. रविवारी गाडीत तुझे आईबाबाही असणार, आपल्या लग्नाची बोलणी करायला. माझी आई त्यासाठीच आत्ता चकलीची भाजणी दळायला गेली आहे. ती आली की तिला मी सांगणार आहे, माझ्या तोंडाने. त्याआधी तुला कळावे म्हणून हे पत्र. येऊ नका. लिफाफा सोबत पाठवते आहे. मीही तो उघडलेला नाही.

आजवर ‘तुझीच’ लिहीत आलेली,
भैरवी