विलंबाचं कारण

१४ मार्च, गुरुवार दुपार

तीर्थस्वरूप ताईंना,

नमस्कार. साष्टांग घालायचा होता, पण या खोलीत पलंग सोडला तर आडवं व्हायला जागा नाही. तेव्हा बसल्याबसल्याच स्वीकारावा.

आम्ही तिघंही ठीक आहोत. ढमीचा खोकला गेला. चार वर्षांची पुरती झाली नाही, पण तुमच्या वळणावर चाललीय, येताजाता प्रत्येकाला काम सांगते. माझ्या प्रबंधाचं तिसरं प्रकरण गाईडबाईंनी अखेर मान्य केलं. मातीतल्या बुरशीवर एवढं लिहिण्यासारखं काय असतं, असं तुम्ही मागे विचारलं होतंत. हल्ली मलाही तोच प्रश्न पडतो.

फोन सोडून पत्र कशाला, असं वाटेल तुम्हाला. फोनवर तुमचा भाऊ कायम हाताच्या अंतरावर असतो. आत्ता तो ढमीला घेऊन बागेत गेलाय. दीडेक तास मिळेल.

मागच्या रविवारी तुम्ही विचारलंत, "लॅबमध्ये त्याच्या टेबलावर दुसरं कुणी बसवू का? एक बाई मिळताहेत, पण तो परत येणार असेल तर थांबते." मी पटकन म्हणाले, "बसवा ताई, हा इथे छान रमलाय." तो तेव्हा भांडी घासत होता, नळ सुरू होता. त्याला ऐकू गेलं नाही. आणि मी त्याला विचारलंही नाही.

रमलाय म्हणजे काय, ते सांगते. न्हाणीघरातल्या साबणाच्या वडीचं एके दिवशी टोक गेलेलं दिसलं. दुसऱ्या दिवशी तिथे दाढ होती. दोन मुळं, वरच्या खाचा, सगळं जिथल्या तिथे. मग सुळा झाला, मग पटाशीचे दात. मी म्हटलं, "अरे, हात धुवायचे की कवळी लावायची?" तर म्हणाला, "बोटं आखडतात गं. पंधरा वर्षं ताईच्या लॅबमध्ये मेणाचे दात कोरलेत, एकदम बंद केलं तर विसरतील." ढमी तर पाहुण्यांना सांगते, बाबा साबणाचे दात करतो. पाहुणे मजेत हसतात. तोही हसतो.

खालच्या मजल्यावर एक आजी राहतात. त्यांची कवळी हिरडीला टोचत होती म्हणून जेवण तुटलं होतं. याची इथली भाषा अजून अर्धीमुर्धी, पण तोंड उघडायला भाषा लागत नाही. यानं बघितलं, बारीक पॉलिश पेपरनं दहा मिनिटं घासलं, झालं. संध्याकाळी मी घरी आले तर दारातच उभा.

"मॅडम, आज माझ्या हातून गुन्हा घडलाय."

"आता काय फोडलंस?"

"आजींची कवळी घासून दिली. फुकट. पण हे काम धरतात का गं? तुमच्या ऑफिसात विचार ना. माझ्या घासाघाशीपायी तुझा व्हिसा जायचा."

आम्ही दोघं हसलो. "विचारते," म्हणाले मी. ताई, तेव्हा माझ्या पिशवीत, प्रबंधाच्या फाइलमध्ये, त्याला काम करता येईल असं सांगणारं पत्र होतं. पाच आठवडे होतं.

लिहिलं एकदाचं.

आम्ही आलो तेव्हा शिकणाऱ्याच्या नवऱ्याला किंवा बायकोला इथे काम करायची मुभा नव्हती, हे तुम्हाला ठाऊक आहे. ऑक्टोबरात नियम बदलला. संशोधन करणाऱ्यांच्या जोडीदाराला काम करता येईल, अर्ज नव्वद दिवसांत, विद्यार्थ्याच्या सहीनं. विभागात माझ्या नावानं पत्र आलं. त्याच आठवड्यात गाईडबाईंनी तिसरं प्रकरण परत केलं होतं, पानापानावर लाल खुणा. हा कामाला लागला तर दुपारी दोननंतर ढमीला कोण बघणार? मी ठरवलं, एवढं प्रकरण होऊ दे, मग सांगू. हे सगळं खरं आहे, म्हणून मला ते बरेच दिवस पुरलं.

पण प्रकरण डिसेंबरात पुन्हा लिहून झालं, तेव्हा अजून तीन आठवडे हातात होते. मी तरीही बोलले नाही.

मला आवडायला लागलं होतं, ताई. दार उघडलं की घर गरम असायचं, पोरगी न्हालेली, माझ्यासाठी ताट झाकलेलं. "दमलीस का?" असं मला जन्मात कुणी रोज विचारलं नव्हतं. माझी आई बाबांना विचारायची. जानेवारीत एकदा माझा स्वेटर धुवायचा राहिला, तर मी म्हणाले, "दिवसभर घरीच असतोस ना, एवढंही होत नाही?" शब्दन् शब्द बाबांचा. तो म्हणाला, "राहिला खरा," आणि स्वेटर घेऊन खाली गेला. भांडला असता तर बरं झालं असतं. आठच दिवसांपूर्वी अर्जाची मुदत संपली होती, हे एकट्या मला माहीत होतं.

तुमच्या रविवारच्या फोननंतर मला जेवण जाईना. इथला रस्ता मी बंद केलाच होता, आता तिथलं त्याचं टेबलही मीच परस्पर देऊन टाकलं. सोमवारी परदेशी विद्यार्थ्यांच्या ऑफिसात गेले. तिथल्या कारकूनबाई भल्या आहेत. म्हणाल्या, उशिरा आलेला अर्ज घेतात, मंजूर होईलच असं नाही. एक रकाना आहे, विलंबाचं कारण, तो विद्यार्थ्यानं स्वतःच्या अक्षरात भरायचा. आवाज खाली करून म्हणाल्या, "बहुतेक जण पत्र मिळालं नाही असं लिहितात. आम्ही फार खोलात जात नाही."

रकान्याच्या खाली जोडीदाराची सही असते. वरचा मजकूर वाचला, अशी.

त्यांनी दिलेली पळवाट मी दोन दिवस जवळ बाळगली. पत्र मिळालं नाही, तीन शब्द. काम झालं असतं आणि तो माझ्यासाठी त्या ऑफिसवर चिडला असता. तसा एक फॉर्म भरूनही झाला होता. तो काल फाडला. आज नवीन आणला आणि लिहिलं, "पत्र वेळेवर मिळालं. मी ते नवऱ्यापासून लपवलं. त्याची यात चूक नाही." रकाना लहान आहे, जास्त मावलं नाही. खरं लिहिल्यामुळे अर्ज फेटाळलाही जाईल. तसं झालं तर तेही माझ्यामुळेच.

तो आला की फॉर्म त्याच्यापुढे ठेवणार आहे. हे पत्र त्यानंतरच टपालात पडेल, त्याच्याआधी तुम्हाला कळायला नको. म्हणजे तुम्ही हे वाचत असाल तेव्हा त्याला सगळं ठाऊक असेल. टेबलाचं त्याच्याशीच बोला, मी मध्ये पडणार नाही. तो परत यायचं म्हणाला तर मी अडवणार नाही. ढमीचं काय, ते मला अजून सुचलेलं नाही.

तो तुम्हाला फोन करेल. एरवी तुम्ही म्हणता, "जाऊ दे रे, तिचा अभ्यास असतो." या वेळी तसं म्हणू नका. त्याला रागावू द्या, आणि तुम्हीही त्याच्याच बाजूनं राहा.

जिन्यात ढमीचा आवाज येतोय. पुरे करते. आज आशीर्वाद मागत नाही.

तुमच्या भावाची बायको