इंजिलिया शिबिराला गेली आणि माझी साक्ष

सोमवार, १ जुलै
इंजिलियाला बसमध्ये बसवून आलो. तोंडानो तळ्याकाठी तरुणांचं शिबिर, शनिवारपर्यंत. आसपासच्या सगळ्या गावांतली चर्चची पोरं. चढताना म्हणाली, "पापा, आम्ही रोज सकाळी सहाला प्रार्थना करणार. तुम्ही पण घरी त्याच वेळी करा. आणि मी येईपर्यंत दारू नाही." मी म्हटलं, "एवढंच?"
सतरा वर्षांची पोरगी. तिची आई मर्सी देवाघरी गेल्यापासून घरात मोठी तीच. खरं तर हे मी स्वतःच ठरवणार होतो. तिने आधी म्हटलं, इतकंच.

मंगळवार, २ जुलै
साडेसातला जाग आली. घड्याळ बघून तोंडातून "देवा!" निघालं. म्हणजे सुरुवात झाली.
दिवसभर लवंगा वाळत घातल्या. संध्याकाळी शेजारच्या फेंत्येकडे डोमिनोचा डाव. त्याने ताडीची दारू ओतली. नाही म्हटलं असतं, पण त्याच्या बायकोने खास मासे भाजले होते. एकच ग्लास. मोठा होता, त्यात माझा काय दोष?
इंजिलियाचा फोन. "प्रार्थना केलीत?" हो म्हटलं. (साडेसात. वर पाहा.) "आणि ते दुसरं?" त्यालाही हो म्हटलं. लाइन खराब होती.

बुधवार, ३ जुलै
घोटाळा. पोरीने आपल्या ग्रुपमध्ये सांगून टाकलं, माझे पापा बदलले म्हणून. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मेइस्के नावाची एक मुलगी तर रडायलाच लागली, तिचेही वडील पितात. मी फोनवर म्हटलं, घरातल्या गोष्टी चारचौघांत कशाला? तर म्हणते, "लाजताय काय पापा? इथे सगळे सगळं सांगतात. मला वाटायचं, असं आपल्याच घरात आहे."
हे शेवटचं वाक्य डोक्यातून जात नाही.
उपाय सापडला. उद्यापासून खरंच सोडायची. मग बोललो ते खोटं राहणार नाही, फक्त जरा लवकर बोललो असं होईल.

गुरुवार, ४ जुलै
पावणेसहाला उठलो! कॉटवर हात जोडून बसलो. काय म्हणायचं तेच आठवेना. प्रार्थना नेहमी मर्सी म्हणायची, मी शेवटी आमेन. तिचं नाव घेतलं, इंजिलियाचं घेतलं, पुढे शब्द नाहीत. बाहेर कोंबडे ओरडत होते. आमेन म्हणून उठलो.
दिवसभर मन जड. संध्याकाळी त्यावर इलाज करावा लागला. शुक्रवार हा सुरुवातीला जास्त चांगला वार आहे.

शुक्रवार, ५ जुलै
शुक्रवारबद्दल काही लिहीत नाही.
उद्या समारोप, पालकांना बोलावलंय. ठरलं. इंजिलियाला बाजूला घेऊन सरळ सांगायचं: पोरी, मी खोटं बोललो. चार शब्द. आरशासमोर म्हणून पाहिले, जमतात.

शनिवार, ६ जुलै
चारेकशे पोरं एका सुरात गात होती. त्यांत माझी इंजिलिया, डोळे मिटून, हात वर. चर्चमध्ये मागच्या बाकावर नखं खात बसणारी ती हीच का? तो चेहरा मी कधी पाहिलाच नव्हता. म्हटलं, आत्ता सांगायचं.
तेवढ्यात पाद्रीबाईंनी स्टेजवरून माझंच नाव घेतलं. "देवाने कसं बदललं, याची इंजिलियाचे पापा साक्ष देतील." हातात माईक आला.
म्हणालो, सोमवारपासून थेंबही नाही. रोज सहाला गुडघे टेकतो. पहाटे एक प्रकाश दिसला, हेही म्हणालो. तो प्रकाश कुठून आला देव जाणे. टाळ्या थांबेनात. इंजिलिया धावत येऊन गळ्यात पडली. मी तिच्या डोक्यावरून पलीकडे तळ्याकडे बघत राहिलो.
मग मेइस्के आली. बारीकशी मुलगी, माझा हात दोन्ही हातांत धरून म्हणाली, "काका, आमच्या घरी याल? माझ्या बाबांशी बोलाल? ते कुणाचं ऐकत नाहीत. तुमचं ऐकतील."
गुरुवारी येतो म्हणालो.

गुरुवार, ११ जुलै
इंजिलियाला घेऊन सोंडेर गावी मेइस्केच्या घरी गेलो. पोचताच दोघी पोरी बाहेर गेल्या, ते बरंच. वडील नोंत्ये, माणूस सरळ, लवंगवालाच. मी भाषण तयार ठेवलं होतं, पण त्याने आधी दोन ग्लास भरले. विचार केला, एक घेतला तर तो मोकळा होईल. झालाही. दुसऱ्यापर्यंत त्याने बायको सोडून गेल्याचं सांगितलं, मी मर्सीचं. तिसऱ्याला तो मलाच समजावत होता, की जरा कमी करा.
आणि मागून मेइस्के आली, तळलेल्या केळ्यांची ताटली घेऊन. तिच्यामागे माझी इंजिलिया. प्रार्थनेत साथ द्यायची म्हणून दोघी लवकर परतून आत केळी तळत बसल्या होत्या.
मेइस्केने ताटली ठेवली. मिरचीची चटणी जरा माझ्या बाजूला सरकवली, पाहुण्याला सरकवतात तशी.

शुक्रवार, १२ जुलै
इंजिलियाने जेवायला वाढलं. मी म्हटलं, ऐक तरी. म्हणाली, "ओरडत नाहीये मी. मेइस्केला काय सांगू, तेवढं सांगा."
भात गार झाला.

रविवार, १४ जुलै
चर्चमध्ये इंजिलिया शिबिराविषयी बोलणार होती. मी सगळ्यात मागे बसलो, दाराजवळ, म्हणजे नाव निघालं की निसटता येईल.
ती चांगलं बोलली. कागद नव्हता हातात. म्हणाली, एकटीने विश्वास ठेवायचा म्हणजे घरात कोंडून घेतल्यासारखं होतं. तिथे चारशेजण भेटले, प्रत्येकाच्या मनात काही ना काही दुखणं, तरी सगळे गात होते. आता घरी काहीही झालं तरी माझा विश्वास हलणार नाही, म्हणाली. मेइस्केला पुढे बोलावलं. दोघी हात धरून गायल्या. सगळं चर्च उभं राहिलं.
माझं नाव आलं नाही. एकदाही नाही. चांगलं नाही, वाईटही नाही.
हायसं वाटायला हवं होतं.
शेजारच्या बाईंनी डोळे पुसत विचारलं, "कुणाची हो ही मुलगी?"