पायलटची खुर्ची स्वयंपाकघरात

७ सप्टेंबर

खुर्ची सरकली. विमान धावत असताना सरकली, आणि वॅसिली ते हसत हसत सांगतोय!

"दाजी, नदीकाठच्या खडीवरून जोर लावला, नाक वर घेतलं, आणि खुर्ची मला घेऊन निघाली की मागे! म्हटलं, मूसच्या मांडीवरच बसवते आता."

मूस म्हणजे इथलं घोड्याएवढं हरीण, त्याचं मांस मागे भरलेलं होतं. ओलिंका हसली. भाऊ काहीही बोलला तरी ती हसते. मी नाही हसलो, तर म्हणे दाजींचं पोट बिघडलंय.

रुळावर एकच भोक मागे गेली. त्या भोकात पिन अडकली म्हणून आमचे मेव्हणे आज जेवायला हजर. सुका मासा तीनदा मागून घेतला. मरणाच्या दारातून आलेल्या माणसाला भूक चांगली लागते असं दिसतं.

विमान आमच्या दोघांचं, निम्मं निम्मं. तो उडवतो, मी राखतो. गावात टाळ्या कोणाला, ते लिहायची गरज नाही.

८ सप्टेंबर

खुर्ची बाहेर काढली. घाई करणाऱ्यांसाठी हे काम नाही. आधी खुर्ची ज्यांवर सरकते त्या दोन्ही रुळांच्या टोकांचे अडसर सोडवायचे. मग पुढचं हँडल उचलून पिन वर धरायची आणि खुर्ची सरळ, अजिबात वाकडी न करता, रुळांवरून ओढून घ्यायची. वॅसिली ती हिसडा मारून काढतो, खराब दात उपटावा तशी.

खाली जे बघायला मिळेल वाटलं होतं, तेच मिळालं. रक्त!

शिकारीच्या, मांसाच्या दिवसांत आम्ही बाकीच्या खुर्च्या काढून ताडपत्री घालतो. सगळेच घालतात. वॅसिली ती सहलीला सतरंजी टाकावी तशी टाकतो — मध्यभागी छान, कडा रामभरोसे... इथल्या पाद्र्याला हा शब्द चालायचा नाही. असो. कडेवरून मूसचं रक्त रुळात उतरलं, पिनच्या भोकांत साचलं, रात्री गोठलं. सकाळी साहेब बसले. पिन भोकात गेलीच नाही, गोठलेल्या रक्तावर नुसती टेकून राहिली. वरून बघणाऱ्याला वाटणार बसली. हँडलही खाली आलेलं दिसणार. सगळं दिसणार — नसणार काहीच.

गरम पाणी आणि ओलिंकाचा जुना टूथब्रश. दुपार गेली. भोकं साफ झाल्यावर पिनचं टोक बघितलं तर एका बाजूने झिजून तिरकं झालेलं. म्हणजे रक्त नसतं तरी कधी ना कधी निसटलीच असती. नवी पिन हवी.

हे मला कोणी शिकवलं नाही. गावाच्या मागे पडलेली तीन मोडकी विमानं मी एकट्याने उसवलीत, नटापासून नटापर्यंत. त्यातल्या एकाची खुर्ची अगदी मागच्या टोकाला होती आणि चालकाच्या हातातलं चाक पूर्ण मागे ओढलेलं. मागे घसरणारा माणूस हातात असेल ते धरून ठेवतो. त्याच्या हातात असतं चाक. चाक मागे आलं की नाक आणखी वर. आणि पाय तर पेडलपर्यंत पोचतच नाहीत. मग फार वेळ लागत नाही.

वॅसिलीला हे सांगितलं. म्हणाला, "दाजी, तुम्ही लग्नात भाषण का केलं नाहीत?"

९ सप्टेंबर

खुर्ची घरी आणली. विमानात ठेवली असती तर माझी पाठ वळताच मेव्हण्याने ती बसवली असती. उजवीकडची खुर्ची आणि तिकडचं चाक या दिवसांत तसंही माझ्या शेडमध्ये असतं, कुलपात. आता उडव म्हणावं!

ओलिंका म्हणाली, "वा, पाहुण्यांना एक खुर्ची कमीच पडत होती."

खाली दोन फळ्या ठोकून टेबलाशी लावली. बसायला उत्तम आहे, खोटं कशाला बोला.

१० सप्टेंबर

अँकरेजला आर्डिथला फोन केला. तिच्याकडे विमानं दुरुस्त करायचा परवाना आहे, शिक्का आहे आणि जिभेला धारही आहे. पिनचं माप सांगितलं. म्हणाली, "बरोबर सांगतोयस. बदलायलाच हवी. टपालाच्या विमानाने पाठवते." एवढ्यावर थांबायला काय हरकत होती? पुढे म्हणाली, "आणि खुर्ची घरी नेलीस ते सोड, आधी त्या माणसाशी नीट बोल."

नीटच बोललोय. इतकं नीट की त्याला भाषण वाटलं.

११ सप्टेंबर

ऊन. सप्टेंबरात असं ऊन! मांसाला वाईट.

१३ सप्टेंबर

वाफेच्या घरात आंघोळीला गेलो. उघड्या अंगाने बसलं की माणसांना फार विनोद सुचतात.

गावात बोट चालवणारा आणि टपाल उतरवून घेणारा फ्रिट्झ म्हणाला, "काय दाजी, आज कुठे उड्डाण? चुलीपर्यंत की मोरीपर्यंत?" तो माझा कोणी लागत नाही, पण वॅसिलीमुळे अख्खं गाव मला दाजी म्हणायला लागलंय. दुसरा म्हणाला, "ओलिंका हवाई सुंदरी झालीये म्हणे!"

मी तापल्या दगडांवर एक डबडं जास्त पाणी ओतलं. सगळे कान धरून बाहेर पळाले. एकटाच बसलो, आरामात.

वॅसिली आत आलाच नाही. दारात बूट दिसले, मग दिसेनासे झाले.

१४ सप्टेंबर

मॉक्सीमामा रेडिओवर. ओलिंकाचा मामा, नदीच्या वरच्या अंगाला शिकारीच्या छावणीत एकटाच राहिलाय, दुसरा मूस राखत. आवाज खरखरत होता. "माश्या बसायला लागल्यात. अस्वल काल पलीकडच्या काठावर होतं, आज अलीकडे आहे. मी जागाच आहे. कधी येताय?"

नदीला पाणी नाही. फ्रिट्झची बोट अर्ध्या वाटेवरून पंखा मोडून परत आली. शेजारच्या गावचा पायलट बाहेरच्या शिकाऱ्यांना फिरवतोय, महिनाअखेरपर्यंत त्याला सवड नाही. राहता राहिलं आमचं विमान. सुंदर, स्वच्छ, बिनखुर्चीचं.

वॅसिली घरी आला. बूटही काढले नाहीत.

"दाजी, खुर्ची द्या."

"पिन येऊ दे."

"जुनी घालतो. भोकं तुम्ही साफ केलीत ना? पिनपुढे लाकडाची पाचर मारतो."

"पाचर! तुझ्या बुटाला मार पाचर."

"मांस सडलं तर हिवाळ्यात काय पिन उकडून खायची?"

"तू पडलास तर ते मांस कोण खाणार, तुझ्या तेराव्याला?" इथे तेरावं नसतं, पण रागात माणूस कुठलंही जेवण घालतो.

तो ओलिंकाकडे वळला. "ताई, मामा म्हातारा आहे. रात्रभर बंदूक घेऊन बसतो."

ओलिंका माझ्याकडे बघत राहिली. मी खुर्चीतून उठलो नाही. उठलो असतो तर तो घेऊन गेला असता. त्याचे हात माझ्या दुप्पट आहेत.

जाताना म्हणाला, "तुम्हाला विमान नकोच आहे, दाजी. तुम्हाला ही खुर्ची हवीये."

त्याच्यासारखा माणूस असं बोलतो तेव्हा त्याला वाटतं फार खोल बोललो.

१५ सप्टेंबर

धुकं. टपालाचं विमान नाही.

१६ सप्टेंबर

धुकं. ओलिंका दोन शब्दांपेक्षा जास्त बोलत नाही. "जेव." "कॉफी." मामाचा रेडिओ सकाळी लागला, दुपारी नाही. बॅटरी वाचवत असेल. असं मीच म्हणालो. कोणी विचारलं नव्हतं.

१७ सप्टेंबर

पिन आली!

दुपारी धुकं फाटलं आणि टपाल उतरलं. पाकीट फ्रिट्झच्या हातात. "काय आहे?" "औषध," म्हणालो. आधी माझ्या डोळ्यांनी तपासेन, मग गावभर होऊ दे.

आर्डिथने माल चोख पाठवलाय. टोक सरळ, कड शाबूत, स्प्रिंगही नवी — न मागता! टेबलावर कापड पसरून पिन बसवली. हँडल सोडलं की असा ठक्क आवाज येतो की ओलिंकाने मान वर केली. किती दिवसांनी.

आता राहिलं ते विमानातलं काम. खुर्चीची छोटी चाकं रुळांत सरळ घालायची. दोन्ही टोकांचे अडसर लगेच लावायचे, खुर्ची हलवून बघायच्या आधी, नंतर नाही. पिन सोडायची आणि भोकात किती खाली गेली ते बोट घालून बघायचं. नुसत्या हँडलवर विश्वास ठेवायचा नाही. मग बसायचं, पट्टा आवळायचा, पाय रेटायचे आणि पाठीने सगळं वजन मागे टाकायचं. एकदा नाही, पुन्हा पुन्हा. ती केसभरही हलली नाही तरच म्हणायचं, बसली.

ओलिंका म्हणाली, "जा मग. अजून उजेड आहे. बसवून ये आणि त्याला सांग."

"सकाळी."

"आत्ता का नाही?"

"सकाळी तो येईल की मागायला. येऊ दे. एकदा म्हणू दे, दाजी, तुमचं बरोबर होतं. दहा दिवस हसले आहेत मला, एक वाक्य काही जास्त नाही. तू सांगू नकोस त्याला."

"मामा वर आहे," ती म्हणाली.

"सकाळीच जाईल ना तो. अंधारात थोडाच जाणार होता?"

ती भांडी घासायला लागली.

१८ सप्टेंबर

उजाडताच इंजिनाचा आवाज. मग पूर्ण जोर, धावपट्टीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. ओलिंका हातातला कणकेचा गोळा तसाच धरून खिडकीशी गेली. माझ्याकडे पाठ.

"गेला बाई! वर गेला!" रडत होती की हसत होती, कळेना. "बसवून आलास ना रात्री? मला सांगायचं तरी!"

मी त्याच खुर्चीत बसलो होतो, नव्या पिनसकट.