वरच्या मजल्याची खिडकी

रविवार, ऑक्टोबरअखेर

चिरंजीव विसरभोळ्यास,

आजीचे आशीर्वाद. आजी म्हणजे तुझ्या आईची आई. नुसतं आजी लिहिलं तर तू डोकं खाजवत बसशील, म्हणून खुलासा. मी बरी आहे. गुडघे बोलतात, पण ते निदान बोलतात तरी.

अक्षर पाखरंवालीचं आहे. मोठ्या घराच्या आवारात लोकांना फिरवते ती. उन्हाळ्यात वटवाघळं, हिवाळ्यात तळ्यावरचे पक्षी आणि पानगळीत इतिहासाची फेरी. त्या इतिहासात मी येते. मालक गेले, घर संस्थेकडे गेलं, पण मागच्या धुलाईखोलीत मला राहू दिलंय. त्या बदल्यात रविवारी दाराशी उभं राहून पाहुण्यांना कोळशाची इस्त्री फिरवून दाखवायची. बोलायचं मात्र नाही, असा पाखरंवालीचा नियम. मी तोंड उघडलं की लोक तिथंच बैठक मारतात आणि तिची पुढची फेरी बोंबलते. (हे लिहिताना ती हसते आहे.)

तर गेल्या रविवारी चादर जळली. मोठ्या घरातली जुनी, कोपऱ्यावर वेलबुट्टी काढलेली. जन्मात माझ्या हातून साध्या रुमालाला डाग पडला नाही आणि ही चांगली वीतभर करपली. पाखरंवालीनं मला फैलावर घेतलं. म्हणाली, आता वय झालं, यापुढे इस्त्री थंडच ठेवू, तुम्ही नुसती फिरवल्यासारखं करा. माझं असं डोकं फिरलं की चार दिवस तिच्याशी बोलले नाही. थंड इस्त्री फिरवायला मी काय बाहुली आहे? वय झालं म्हणून चादर जळत नाही. हात थांबला की जळते.

हात का थांबला, ते तुला ठाऊक आहे.

थांब, आधी दुसरं सांगते. मांजरीला पिल्लं झाली. तळ्याकाठचं झाड, ज्यावरून तू पडला होतास, ते पाडलं. झालं, बातम्या संपल्या.

त्या रविवारी तू आलास, ऑफिसच्या मंडळींबरोबर. नवा कोट खांद्यात ढगळ होता, पण बरा दिसत होतास. मला वाटलं, आत्ता हाक मारशील, मग मारशील. मी नियमानं गप्प. तुझे साहेब भले वाटले. वाकून माझी इस्त्री बघितली आणि तुला म्हणाले, "तुमचं लहानपण इथंच गेलं ना? मग तुमची खोली कुठली?"

आणि तू वर बोट केलंस. वरच्या मजल्याच्या खिडकीकडे.

अरे, त्या खिडकीमागं खोली नाहीच. मालकीणबाईंच्या टोप्यांचं कपाट आहे तिथं. खोटं बोलायचं तर खिडकी तरी नीट निवडावी. तू मोठ्या घरात वाढलास हे खरंच आहे, पण माझ्या दारात, वाळलेल्या चादरींच्या टोपलीत झोपून. तुझी आई वाफेत उभी राहून कपडे पिळायची आणि मी पायानं टोपली हलवत असे. ती गेल्यावरही मीच हलवली. तुझ्या अंगाला साबणाचा वास यायचा, चोरीचा नाही. त्याची लाज?

वर मलाच विचारलंस, "काय हो बाई, जड असते का ही?" तेवढ्यात धूर निघाला. लोकांना वाटलं, दाखवण्यातलाच भाग आहे. त्यांनी टाळ्या वाजवल्या. तूही वाजवल्यास.

पाखरंवाली लिहायची थांबली आहे. तिला हे आत्ताच कळतंय. लिही बाई, माझ्याकडे काय बघतेस.

ती सांगते, हिवाळ्यातल्या पक्ष्यांच्या फेरीला साहेबांनी बायकामुलांसकट नाव नोंदवलंय आणि तुझंही. त्या फेरीत मी नसते, त्यामुळे गप्प बसायचा नियमही नाही. तरी मी बोलणार नाही. दारात बसेन फक्त. बोलायचं तू, सगळ्यांदेखत. नाही जमलं तर पक्षी बघ आणि जा. मग साहेबांना सांग की मला आजी नाही. ते मी खरं धरीन.

सावत्र नव्हे, मानलेली नव्हे, तुझी सख्खी
आजी

येताना मऊ पाव आण, कडक साल मला चावत नाही. लोणी आण. दोघांपुरतं आण. एकटीपुरतं आणलंस तर बदकांना घालीन.